झाकण उघडायचं नाही

३ मार्च

लेकीची फेरेट माजावर आली आहे. या वयात माझ्या हातून असलं वाक्य लिहिलं जाईल असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला दुकानातून शांत झोपेची गोळी काढून दिली असती. (औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून माझं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं निम्मं लोकांना न विचारता सल्ले देण्यात गेलं, तेही त्याच काउंटरवर.)

फेरेट म्हणजे मुंगसासारखं लांबोडकं, ओल्या घोंगडीसारखा वास मारणारं जनावर. लेक गेल्या वर्षी कॉलेज संपता संपता घेऊन आली. पहिल्याच दिवशी त्याने मोजे, चमचे आणि माझ्या चष्म्याची डबी पलंगाखाली नेऊन साठवली, म्हणून नाव पडलं ठकी. पुढे लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली, तिथल्या भाड्याच्या खोलीत जनावरं चालत नाहीत, म्हणून ठकी इथेच राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं. मलाही नाही.

मागची बाजू सुजलेली दिसली म्हणून आज जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. बाई कसली, पोरगीच आहे, केस अजून वेणीत बसत नाहीत. म्हणाली, "काकू, हिला काही झालेलं नाही. माजावर आलीय. पण यांचं मांजरासारखं नसतं. नर मिळेपर्यंत माज उतरतच नाही. फार दिवस तसाच राहिला, तर अंगात रक्त तयार व्हायचं थांबतं आणि जनावर जातं."

"सोबत नाही म्हणून जातं?"

"तसंच समजा."

मी म्हटलं, बायकांचं असं नसतं हे बरंय, नाहीतर आमच्या मजल्यावर कोणी उरलं नसतं. ती हसली नाही. या पिढीला हसायलासुद्धा आधी वेळ ठरवून घ्यावी लागते.

दोन मार्ग आहेत म्हणाली. ऑपरेशन करून पिशवी काढून टाकायची, किंवा नराकडे न्यायची. "मी ऑपरेशनच करा म्हणेन. घरात पिल्लं काढणं म्हणजे डोक्याला ताप. पहिलटकरीण आहे, अडली तर दोघींचे हाल."

संध्याकाळी लेकीला फोन केला. "मग ऑपरेशन कर ना आई, विचार कसला करतेस," म्हणाली. मागे कीबोर्ड वाजत होता. मी म्हटलं, हो, करते, पण पिल्लं गोड दिसली असती. कीबोर्ड थांबला.

"पिल्लं झाली तर मी येईन बघायला. खरंच येईन."

ऑपरेशन मला पहिल्यापासूनच क्रूर वाटत होतं.

९ मार्च

नर मिळाला. खोकल्याचं औषध न्यायला येणारे एक गृहस्थ आहेत, बायको गेल्यापासून जरा जास्तच खोकतात. त्यांच्या मानेभोवती कायम एक तपकिरी मफलर. मागच्या थंडीत त्या मफलरने जांभई दिली तेव्हा मला कळलं की तो फेरेट आहे. त्याचं नाव पैलवान. गृहस्थांना मी मनात मफलरवाले म्हणते.

मादीने नराकडे जायचं असतं म्हणे, म्हणून ठकीला पिशवीत घालून त्यांच्या घरी गेले. दोघांना न्हाणीघरात सोडलं आणि दार लावलं. आत जे काही सुरू झालं त्याला प्रेम म्हणतात, हे माहीत नसतं तर मी पोलिसांना बोलावलं असतं. पैलवान तिचं मानगूट धरून बादलीभोवती फरफटत होता, ठकी किंचाळत होती, मग्गा गडगडत होता. मी दार उघडायला उठले.

"बसा," मफलरवाले म्हणाले. "असंच असतं. उघडलंत तर परत पहिल्यापासून."

"मारतोय तो तिला."

"ती चावलीय त्याला दोनदा. तुम्ही चहात साखर किती घेता?"

मग आम्ही दोन प्रौढ माणसं समोरासमोर बसून चहा प्यायलो आणि तो आवाज ऐकूच येत नसल्यासारखे भिंतीच्या रंगाबद्दल बोललो. रंग पांढरा होता. त्यावर बोलण्यासारखं फार नसतं. ते म्हणाले, हिला दोन दिवस इथेच राहू द्या. मी म्हटलं, मग मीही थांबते. ते गोंधळले. मी संध्याकाळपर्यंत थांबले. त्यांनी दुसऱ्यांदा चहा केला, मग भात लावू का विचारलं. लोकांना पाहुणा घरातून काढायचा कसा हे कळत नाही, मग ते भात लावतात.

मी ठकीला घेऊन घरी आले. मान ओली आणि चावलेली होती. रात्रभर ती माझ्याकडे पाठ करून झोपली.

२९ मार्च

राहिलं आहे. पोट हाताला लागतं. डॉक्टरीणबाईने सांगितलं, हिच्यासमोरचं भांडं कधीच रिकामं ठेवू नका, गाभण असताना उपास घडला तर अंगात विष होतं. त्यामुळे मी दुपारी दुकानातून धावत येऊन भांडं बघते. मालक म्हणाले, "ताई, घरी कोणी आजारी आहे का?" मी म्हटलं, बाळंतपण आहे. त्यांनी एकदम आवाज खाली आणून अभिनंदन केलं. खुलासा करणार होते, पण मग राहू दिला. बऱ्याच वर्षांत कोणी अभिनंदन केलं नव्हतं.

विणीसाठी लाकडी खोकं हवं होतं. जुन्या कपाटाच्या फळ्यांचं स्वतःच ठोकलं. एका बाजूला तिला जायला-यायला भोक, वर बिजागरीचं झाकण, म्हणजे मला बघता येईल. झाकणाला लावायला काही नव्हतं, तेवढ्यात ड्रॉवरमध्ये लेकीच्या खोलीची कडी सापडली. ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना मी काढून ठेवली होती, सारखी अडकायची म्हणून. आत अडकून पडली असती तर काय घ्या. खोक्याला बसवली. इतक्या वर्षांनीही लोण्यासारखी सरकते, तेल घालावं लागलं नाही.

खोकं लेकीच्याच खोलीत ठेवलं आहे, पलंगाशेजारी.

६ एप्रिल

लेक म्हणाली, "आई, रोज फोन नको करूस ना. मीटिंगमध्ये असते. काही विशेष असेल तर मेसेज टाक."

टाकला : ठकीने आज उकडलेलं अंडं खाल्लं.

अंगठा आला. अंगठा ही काय भाषा आहे ते मला कळत नाही. आमच्या वेळी अंगठा सही न येणारे देत.

१२ एप्रिल

डॉक्टरीणबाई तपासून म्हणाली, सगळं ठीक आहे, आता नीट ऐका. विताना आणि त्यानंतर दोनेक आठवडे झाकण उघडायचं नाही. अन्नपाणी बाहेर ठेवायचं, दार लोटायचं, निघून जायचं.

"आणि पिल्लं ठीक आहेत हे कळणार कसं?"

"आवाजावरून. काकू, पहिलटकरणीला धोका वाटला तर ती पिल्लं खाते."

"आईच?"

"आईच. आधी लपवायला म्हणून तोंडात धरते. कुठे ठेवावं सुचत नाही. हाताचा वास लागला, उजेड आला, कोणी सारखं डोकावलं, की तिला वाटतं आता यांना ठेवायला एकच सुरक्षित जागा उरली."

मी म्हटलं, मी काय परकी आहे का? मी रोज हाताने भरवते तिला. माझ्याइतकी काळजी तिची कोणी करत नाही.

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय," म्हणाली. शिकलेल्या मुलींना बोलण्याची पोच कमी असते.

२० एप्रिल

झाली. सकाळी दात घासताना ऐकलं. ओली रबरी चप्पल चालावी तसा बारीक आवाज, एक नाही, बरेच. ब्रश तोंडात तसाच ठेवून मी दाराशी किती वेळ उभी होते कोण जाणे, हनुवटीवर फेस वाळला.

लेकीला फोन केला. हे विशेष होतं. तिने लगेच उचलला.

"किती आहेत?" मग पटकन म्हणाली, "नको, राहू दे, बघू नकोस हं आई. डॉक्टर नको म्हणाल्यात ना."

पण आधी तिने किती म्हणून विचारलंच होतं. म्हणजे तिला हवं होतं.

एकदाच उघडलं. अगदी हळू. कडीचा आवाजसुद्धा झाला नाही. ठकी अर्धवर्तुळ करून पडली होती आणि तिच्या पोटाशी सात गुलाबी बोटं वळवळत होती, डोळे मिटलेली, अंगावर नुसती लव. ठकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओळखीने पाहिलं, मला तरी तसं वाटलं. फोटो काढला, झाकण लावलं.

लेकीने फोटोला अंगठा नाही, पूर्ण वाक्य पाठवलं : अगं कसली गोड आहेत. मेच्या शेवटी रजा टाकते. मग खाली आणखी एक : आता परत उघडू नकोस.

दिवसभर दुकानात लोकांना सुट्टे पैसे जास्त देत होते.

२२ एप्रिल

पाच आहेत.

मी सातच मोजली होती ना? फोटोत सात आहेत. दोनदा मोजली, बोटाने फोनवर मोठी करून मोजली. खोक्यात अंथरलेल्या रुमालाखालीही पाहिलं. रुमालावर बोटाएवढा डाग होता, बाकी काही नाही. आई मागे काही ठेवत नाही.

डॉक्टरीणबाईला फोन केला.

"किती वेळा उघडलंत?"

"एकदा."

"बरं," म्हणाली. मला शांत माणसांचा राग येतो.

एकदाच म्हणजे पहिल्या दिवशी एकदा. काल उघडलं ते दूध आलंय का बघायला, ते धरायचं नाही. संध्याकाळी एकाचा आवाज वेगळा वाटला म्हणून. आज सकाळी तर नुसता रुमाल सारखा केला. गार पडला होता कोपरा. मी नाही करायचा तर कोणी करायचा?

लेकीला अजून सांगितलेलं नाही. सांगून काय होणार? रजा टाकली असेल तर परत घेईल.

२३ एप्रिल

आज हात लावला नाही. दाराशी बसले फक्त. खरं सांगायचं तर दार थोडं उघडं ठेवून बसले. ठकी भोकातून बाहेर आली, मला पाहिलं, आणि न खाता आत गेली. नंतर एकच बारीक किंचाळी ऐकू आली आणि मग बराच वेळ काही नाही.

उठून जाणं इतकं कठीण का जातं मला कळत नाही. आत काय चाललंय ते माहीत नसलं की वाटतं, जे काही होईल ते मी तिथे नाही म्हणूनच होईल.

२५ एप्रिल

अंगात ताप, घसा खरवडून निघालाय. दुकानात दोन आठवडे अख्खं गाव माझ्या तोंडावर शिंकत होतं, कधीतरी हे व्हायचंच होतं. मालकांनी घरी पाठवलं आणि जाताना मास्क दिला, जणू बक्षीस.

डॉक्टरीणबाईला सहज सांगितलं, तर तिचा आवाजच बदलला. म्हणाली, माणसाचा फ्लू फेरेटला लागतो, असे रोग फार थोडे आहेत आणि त्यातला हा एक. मोठी निभावून नेईल, पिल्लं नाही. "त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. भांडंसुद्धा तुम्ही भरायचं नाही. दुसरं कोणी आहे ना तुमच्याकडे?"

"आहेत ना, पुष्कळ."

फोन ठेवला आणि पुष्कळांत कोण कोण ते आठवत बसले.

शेवटी मफलरवाल्यांना लावला. मी नुसतं हॅलो म्हटलं, तर ते म्हणाले, "काय झालं?" माझा आवाज इतका बसला असेल असं वाटलं नव्हतं.

२७ एप्रिल

ते सकाळ-संध्याकाळ येतात. पैलवान घरी. "बाप झाल्याचं त्याला सांगितलेलं नाही," म्हणाले, "उगाच डोक्यात हवा जायची." मफलर नसला की त्यांची मान सोललेल्या कोंबडीसारखी दिसते, पण ते मी बोलले नाही. तापात माणूस सौम्य होतो.

त्यांची पद्धत अशी : हात धुवायचे. भांडं भरायचं. लेकीच्या खोलीचं दार वीतभर उघडून भांडं आत सरकवायचं, जमिनीवर दोनदा टकटक करायचं, दार लोटून स्वयंपाकघरात येऊन बसायचं. मग तिथे बसून पेपर वाचायचा. थोड्या वेळाने आत भांडं वाजतं.

"आली," म्हणतात आणि पान उलटतात.

मी माझ्या खोलीतून ओरडून विचारते, "बघितलंत का?"

"नाही."

"जरासुद्धा नाही?"

"बघून मी काय करणार? दूध तिला येतंय, मला नाही."

अशा माणसाशी वाद घालता येत नाही, खोकला येतो.

लेकीचा फोन आला. आवाज ऐकून म्हणाली, "इतकी आजारी आहेस आणि सांगितलं नाहीस? मी येऊ का? उद्याची गाडी मिळते का बघते."

मी म्हटलं, छे, तुला कशाला लावून घेतेस. रजा पिल्लांसाठी ठेव.

"नक्की?"

"नक्की."

हे मी बरोबर केलं. चार दिवसांची रजा तापात वाया घालवायची म्हणजे काय.

३० एप्रिल

भिंतीला कान लावला की ऐकू येतं. मधली भिंत पातळ आहे, पूर्वी लेक फोनवर बोलायची ते सगळं ऐकू यायचं, मग ती हळू बोलायला लागली. आता पिल्लांची कुरकुर येते. किती जणांची आहे ते सांगता येत नाही, पण आहे. ठकी त्यांच्याशी घशातल्या घशात बोलते, कुक कुक असं. माझ्यासमोर तिने हा आवाज कधी काढला नव्हता.

ताप उतरला की जाऊन बघायचंच असं ठरवलं होतं. आज उतरला. गेले नाही. अशक्तपणा आहे.

४ मे

डॉक्टरीणबाई म्हणाली, तुम्ही आता बऱ्या आहात, भांडं तुम्ही ठेवू शकता, पण तेवढंच. मफलरवाल्यांना सांगितलं.

"मग उद्यापासून माझं काम नाही," ते म्हणाले.

"नाही. तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले." ते दारात उभे राहिले, मानेवर हात फिरवत, जिथे मफलर नव्हता तिथे. "बरंय मग." तरी उभेच. मी त्यांची छत्री विसरली का बघितलं. छत्री हातातच होती.

दार लावल्यावर घरात एकदम फार जागा झाली. भांडं मीच सरकवलं, टकटक केलं, स्वयंपाकघरात येऊन बसले. पेपर त्यांचाच होता, राहिला होता. शब्दकोडं अर्धं सोडवलेलं. पुढचं सोडवता सोडवता आत भांडं वाजलं.

"आली," मी म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं.

२१ मे

सकाळी डाळ निवडत होते तर पायाला काहीतरी मऊ लागलं. एक करड्या रंगाचं, बोटभर शेपटीचं, डोळे नुकते उघडलेलं माझा मोजा ओढत होतं. त्याच्यामागे दुसरं. मग लेकीच्या खोलीच्या लोटलेल्या दारातून तिसरं घसरत आलं आणि चौथं त्याच्या अंगावर. मागून ठकी आली, चौघांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझा दुसरा मोजा घेऊन गेली.

मी मोजायला गेले नव्हते. ती आपण होऊन समोरून गेली. चार.

जागची हलले नाही. डाळ सांडली होती तशीच राहू दिली.

लेकीला मेसेज टाकला : आली बाहेर. तिचा फोनच आला. शनिवारी येते आहे.

२४ मे

लेक आली. बारीक झालीय, केस कापलेत, मला न विचारता. दारातच म्हणाली, "खाली एक काका भेटले, तुझी तब्येत कशी आहे विचारत होते. मी म्हटलं, वर या की. म्हणाले, नको, सहजच चाललो होतो. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाची सहज चौकशी कशी करतात गं?"

"त्यांचा पेपर राहिला होता इथे."

तिने माझ्याकडे बघितलं आणि विषय तिथेच सोडला. ही सवय तिची माझ्याकडून आलेली नाही.

मग ती जमिनीवर आडवी पडली आणि चारही पिल्लं तिच्या अंगावर चढली. एक तिच्या बाहीत शिरून खांद्यातून बाहेर आलं. ती हसत होती. ती तशी हसते हे मी विसरले होते. हसता हसता थांबून म्हणाली, "आई, फोटोत सात होती ना?"

"फोटोत जास्त दिसतात."

"आई."

एवढंच. मी चहाचं आधण ठेवायला उठले.

मागून तिच्या खोलीतून आवाज आला, सरर, सरर. जाऊन पाहिलं तर ती खोक्याजवळ बसून कडी पुढे-मागे सरकवत होती.

"ही माझ्या दाराची आहे."

"हो. अडकायची ना. म्हणून काढली होती."

तिने कडी एकदा लावली, एकदा काढली. लावली, काढली. मग उठून दाराच्या चौकटीवर स्क्रूची जुनी भोकं होती त्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "मी जरा पडते. प्रवासाने अंग आंबलंय."

दार लोटलं. मग आतून बॅग ओढल्याचा आवाज आला. जड बॅग, चाकांची. दाराला टेकवली असावी. आत पिल्लांची कुरकुर आणि तिचं हळू आवाजातलं बोलणं, काय ते कळत नव्हतं. भिंतीला कान लावता आला असता.

चहा झाला होता. कप घेऊन दारापाशी गेले. दार ढकललं असतं तर बॅग सरकली असती, चाकांचीच आहे. पण ठकी आत आहे, पिल्लं अजून लहान आहेत, त्यांना दचकवायचं नाही असं डॉक्टरीणबाईने सांगितलंय. म्हणून कप खाली उंबऱ्याशी ठेवला, वर बशी झाकली, जमिनीवर दोनदा टकटक केलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसले. जुना पेपर काढला. कोड्यातला उभा एक शब्द राहिलाय, तो मला कधीच सुटणार नाही, मफलरवाल्यांना विचारावा लागेल.

हे लिहीत बसले आहे. आत बोलणं थांबलं होतं.

आत्ता बॅग सरकली. बशी वाजली.

पान उलटते.